आठ वाजून दहा मिनिटांची आग

दूधवाला 'काका, आज दूध एकदम ताजं आहे' म्हणाला की मी विचारतो, 'म्हणजे काल नव्हतं?' आमच्या हिच्या मते हा आजार आहे. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात तिने 'चहात साखर घातली आहे' असं सांगितल्यावर मी चमच्याने तळ ढवळून बघितला होता, हे ती अजून पाहुण्यांना सांगते. पाहुणे हसतात. त्यातले निम्मे खोटं हसतात, हे माझ्या लक्षात येतं.

माझं म्हणणं असं, की हा आजार नाही, हा माझा पोटापाण्याचा धंदा होता. पुण्यातल्या एका सरकारी कचेरीत मी तीसेक वर्षं उपग्रहाने पाठवलेली चित्रं वाचली. त्यातली शेवटची पंधरा वर्षं वणव्यांची. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण अजून डोंगरावर धूर दिसला की मी आधी घड्याळ बघतो आणि मग वाऱ्याची दिशा. ही म्हणते, 'अहो, कोणीतरी पालापाचोळा जाळत असेल.' असेल. पण 'असेल'वर आमच्याकडे पगार मिळत नसे.

काम काय होतं ते सांगतो, कारण ऐकणारे हमखास घोळ घालतात. लोकांना वाटतं, वर आकाशात कोणीतरी दुर्बीण लावून बसलंय आणि कोणी काडी ओढली की त्याला दिसतं. तसं काही नसतं. उपग्रह जमिनीकडे चौकोनाचौकोनांनी बघतो. एक चौकोन केवढा? एका कडेने चालत गेलात तर पाच मिनिटं लागतील एवढा. तो चौकोन शेजारच्या चौकोनांपेक्षा फारच तापलेला वाटला, की नकाशावर तिथे एक लाल ठिपका उमटतो. बस, एवढंच. आत गवत जळतंय, कचरा जळतोय की कोणाचा गोठा, ते ठिपका सांगत नाही. कोणी लावली ते तर नाहीच नाही. शिवाय उपग्रह काही आपल्या डोक्यावर मुक्कामाला नसतो. दिवसाउजेडी सकाळी साडेदहाच्या सुमारास एक फेरी, दुपारी दीड-पावणेदोनला दुसरी, रात्री पुन्हा तशाच. मधल्या वेळात डोंगर पेटून विझला तर त्याला पत्ता नसतो.

तेव्हा ठिपका आला की त्याच्यावर संशय घ्यायचा, हे माझं काम. खरा असेल तर वनखात्याच्या माणसाला कळवायचं, म्हणजे तो झाडाच्या फांद्या घेऊन आग झोडपायला धावतो. खोटा असेल आणि तरी कळवला, तर तोच माणूस उन्हातान्हात चार किलोमीटर चालून जातो आणि परत येऊन माझ्या नावाने बोटं मोडतो. दौंडच्या बाजूला असा एक ठिपका तीन दिवस रोज एकाच जागी येत होता. मी वनरक्षकाला फोन करकरून पाठवला. संध्याकाळी त्याचा फोन: 'साहेब, गुऱ्हाळ हाय. चुलाण पेटलंय. विझवू का?' पुढच्या आठवड्यात त्याने कोणाच्या तरी हाती काकवीची बाटली पाठवून दिली. वर चिठ्ठी: 'आगीचा पुरावा.' बाटली घरी नेली तर ही म्हणाली, 'यात भेसळ नसेल ना, बघा बाई.' टोमणा होता तो.

उलटही व्हायचं. एका विभागातून उन्हाळाभर अहवाल यायचा, 'वणवे: शून्य.' शून्यासारखी संशयास्पद दुसरी गोष्ट नाही. जळून गेलेली जमीन उपग्रहाच्या चित्रात आठवडाभर तरी काळपट राहते, म्हणून मी जुनी चित्रं काढून बसलो. अख्खी डोंगराची सोंड काळी. अधिकाऱ्याला विचारलं तर म्हणाला, 'छे हो, ती जाळरेषा आहे.' जाळरेषा म्हणजे उन्हाळ्याच्या आधी वनखात्याचे लोक स्वतःच गवताचा एक पट्टा जाळून ठेवतात, पुढे वणवा आला तर तिथे त्याला खायला काही उरू नये म्हणून. चांगली पद्धत आहे. पण मी ती रेषा मोजली. 'साहेब,' मी म्हटलं, 'तुमची रेषा माझ्या पेठेपेक्षा रुंद आहे.' पलीकडून आवाज आला, 'हात जरा हलला असेल.'

आणि गिऱ्हाइकं! शनिवार पेठेतले एक गृहस्थ अर्ज घेऊन आले, दोन प्रतींत. 'आमच्या फाटकासमोर रोज कोणीतरी स्कूटर लावतो. नंबर तुमच्या उपग्रहातून काढून द्यावा.' मी समजावलं, की त्यात स्कूटर काय, तुमचा वाडाही धड दिसत नाही. 'मग वर पाठवलात कशाला?' असं म्हणून त्यांनी अर्जाची पोच मागितली. मी दिली. पुण्यात पोच नाकारली तर माणूस दुसऱ्या दिवशी स्मरणपत्र घेऊन येतो.

दुसरा एक आला तो मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. इस्त्रीचा सदरा, पेढ्यांचा पुडा, आवाजात लोणी. कात्रजच्या बाजूच्या एका टेकडीवर त्याने नकाशात बोट ठेवलं आणि म्हणाला, 'इथे पूर्वीपासूनच झाडं नाहीत, दरवर्षी जळतंच, असं तुमच्या जुन्या चित्रांवरून लिहून मिळेल का?' टेकडीवर झाडं असली तर तिथे काही बांधता येत नाही, हे पुण्यात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मी म्हटलं, 'झाडं आहेत. दहा-अकरा वर्षांची आहेत. मला दिसतात.' 'आज आहेत,' तो म्हणाला आणि पुडा तिथेच ठेवून निघाला. मी जिन्यापर्यंत मागे जाऊन पुडा त्याच्या हातात दिला. त्याने नाव सांगितलं होतं, पण ते खरं असेल असं मला तेव्हाही वाटलं नाही.

पुढच्या मार्चमध्ये ती टेकडी पेटली.

आता इथे आमच्या कचेरीतली एक घरगुती बाब सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. उपग्रह साऱ्या पृथ्वीभोवती फिरतो, म्हणून त्याचं घड्याळ ग्रीनिचच्या वेळेवर असतं. आपण त्या वेळेच्या साडेपाच तास पुढे. पुण्यात दुपारचे पावणेदोन वाजतात तेव्हा उपग्रहाच्या तक्त्यात सव्वाआठ लिहिलेलं असतं. तक्त्याच्या डोक्यावर तीन इंग्रजी अक्षरं असतात, यूटीसी. ती दिसली की साडेपाच मिळवायचे. नवीन माणूस बोटांवर मोजतो. आम्ही जुनी खोडं मिळवायचोसुद्धा नाही. सव्वाआठ वाचलं की डोळ्यांपुढे आपोआप दुपारचं रखरखीत ऊन यायचं. आमची जेवणाची सुट्टी साडेसातला व्हायची. 'चला, साडेसात झाले, डबे उघडा!' एकदा हिने फोनवर विचारलं, 'जेवलात?' मी म्हटलं, 'हो, साडेसातलाच.' संध्याकाळी घरी गेलो तर तिने आधी माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

तर ती टेकडी. तिच्यावर रोज सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींनी एक मंडळ काढलं होतं आणि अकरा वर्षांपूर्वी झाडं लावली होती. कडुनिंब, बहावा, कांचन, करंज. झाडं लावायला फोटोपुरते शंभर हात येतात. जगवायला एकच माणूस होता, बबनराव कोंढरे. टेकडीच्या पायथ्याच्या गावातले. ते गाव आता महापालिकेत गेलंय, पण बबनरावांच्या बोलण्यात अजून गावच होतं. मंडळाने आणि वनखात्याने मिळून त्यांना रखवालदार नेमलं होतं. खालच्या टाकीतून डोक्यावरून हंडे वाहून त्यांनी ती झाडं मोठी केली, हे सगळेच मान्य करायचे. आगीच्या आधी.

मंडळाचे अध्यक्ष खांबेटे, बँकेतून निवृत्त झालेले. आगीनंतर दोन दिवसांनी ते आणि मी टेकडीवर गेलो. ठिपका खरा की खोटा हे जागेवर जाऊन बघणं हा आमच्या कामाचा भाग असतो. निम्म्याच्या वर झाडं गेली होती. कडुनिंबांची खोडं काळी, वर पानं तांबूस होऊन लटकलेली. खांबेटे प्रत्येक झाडापाशी थांबून कोणाच्या वाढदिवसाला ते लावलं होतं ते सांगत होते. मला त्या माणसाचं वाईट वाटलं. तरी मनात म्हटलं, याचा कोणी नातेवाईक बांधकामात आहे का, हे बघायला हवं. सांगितलं ना, आजार म्हणा की धंदा म्हणा.

बबनराव आमच्या मागे चार पावलं अंतर ठेवून येत होते. साठीच्या आसपासचे, काटकुळे, पायांना जळल्याचे फोड. मी विचारलं, आग कधी लागली? म्हणाले, 'बारा वाजता म्या जेवाय खाली गेलो, साहेब. दीडच्या पुढं धूर बघितला आन् पळत वर आलो. तवर सगळं पेटल्यालं.'

'तुम्ही वर कधीपासून होता?'

'सकाळी सहापासनं. रोजच आसतो.'

त्यांच्या पत्र्याच्या खोपटात मी डोकावलो. कुदळ, पाण्याचे हंडे, तीन दगडांची चूल, आणि कोनाड्यात काडेपेटी. 'ही कशाला?' मी विचारलं. 'चा करतो की,' ते म्हणाले. बरोबरच आहे, चहाला आग लागते. पण मी ती काडेपेटी मनात टिपून ठेवली. आणि नुसती टिपली नाही. दुसऱ्या दिवशी वनखात्याच्या अधिकारी बाईंशी फोनवर बोलताना सहज म्हणून सांगितलीसुद्धा. 'त्याच्याकडे काडेपेटी असते बरं का.' मला कोणी विचारलेलं नव्हतं. ते वाक्य आज आठवलं तरी स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

अधिकारी बाईंना चौकशीच्या कागदांसाठी आमच्याकडून लेखी हवं होतं, त्या दिवशी उपग्रहाला आग कधी दिसली. आणि पत्र मराठीतच हवं होतं. उद्या प्रकरण कोर्टात गेलं तर तिथे वाचलं जाईल म्हणून. आमचे तक्ते सगळे इंग्रजीत. भाषांतर करायला आमच्या हेडक्लार्क मोघेबाई बसल्या. मोघेबाई म्हणजे शुद्धलेखनाच्या पक्क्या. 'आग' शब्दावर चुकून अनुस्वार पडला तरी पत्र परत टाइप करतील. त्या माझ्या टेबलाशी आल्या. 'जोगसाहेब, हे यूटीसी मराठीत काय लिहू? कोशात नाही सापडत.'

मी त्या वेळी त्या इस्त्रीच्या सदऱ्याचं नाव जुन्या अभ्यागत-वहीत शोधत होतो. मान वर न करता म्हटलं, 'काढून टाका हो ती अक्षरं. नुसतं वेळ लिहा.'

'नुसतं वेळ?'

'वेळ म्हणजे वेळ, बाई. त्याला काय पंचांग लागतं?'

पत्र आलं. मी ते तीनदा वाचलं. अक्षांश तपासले, रेखांश तपासले, जावक क्रमांक तपासला. 'वेळ: ८.१०.' त्यावरून डोळे तिन्ही वेळा सरळ पुढे गेले. मला तिथे दुपारचे एक चाळीस दिसत होते. सही केली.

पत्र वाचणाऱ्यांना अर्थातच सकाळचे आठ-दहा दिसले. आणि मग सगळं कसं चपखल बसत गेलं बघा. फिरायला येणारी मंडळी साडेसातपर्यंत उतरून जातात. त्यानंतर टेकडीवर एकटे बबनराव. आठ-दहाला आग आहे असं उपग्रह म्हणतो आणि हा माणूस म्हणतो, दीडपर्यंत धूर नव्हता. म्हणजे एक तर झोपला होता, नाहीतर खोटं बोलतो. मागच्या अंगाला धुमसत राहिली असेल, दुपारी वारा सुटल्यावर भडकली, असंही कोणीतरी सुचवलं. शिवाय काडेपेटी होतीच. बबनरावांना कामावरून काढलं आणि त्यांच्यावर गुन्हा नोंदवायची तयारी सुरू झाली.

खांबेट्यांचा मला फोन आला. 'जोगसाहेब, तुमच्या पत्राने काम केलं. घरचाच भेदी निघाला हो! अकरा वर्षं आम्ही त्याला घरातला मानला.' त्यांनी वेळेचा उल्लेख केला असता तर माझी ट्यूब पेटली असती. नाही केला. आणि खरं सांगू? मला आतून बरं वाटलं. माझा काडेपेटीवरचा संशय बरोबर ठरला होता ना. घरी येऊन हिला सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, 'अकरा वर्षं वाढवलेली झाडं तो स्वतः जाळेल? कशाला?' मी म्हटलं, 'पैसे दिले असतील कोणी.' ती म्हणाली, 'तुम्ही पाहिलेत का देताना?' मी त्यावर चिडून पेपर उघडून बसलो.

तीन आठवड्यांनी बबनराव आमच्या कचेरीत आले. दोन बस बदलून, स्वारगेटहून पुढे चालत. धुतलेला पांढरा सदरा, टोपी, हातात प्लॅस्टिकची पिशवी. शिपायाने त्यांना बाकावर बसवलं होतं, आणि मी आत बोलवेपर्यंत ते तासभर बसून राहिले. ते कोण हे मला माहीत होतं, म्हणूनच तासभर लावला. पिशवीतून त्यांनी प्रमाणपत्रं काढली, मंडळाने दर वर्धापनदिनाला दिलेली, 'वृक्षमित्र' वगैरे. एकेक करून माझ्या टेबलावर मांडली.

मी म्हटलं, 'बबनराव, हे मला दाखवून काय उपयोग? मी फक्त उपग्रहाला काय दिसलं ते कळवलं.'

'त्येच इचाराय आलोय,' ते म्हणाले. 'त्या दिवशी आठ वाजता तुमचा त्यो उपग्रह आमच्या डोंगरावरनं गेला म्हनं. आठ वाजता म्या वरल्या अंगाला बहाव्याला पानी घालत हुतो. डोक्याला लाल टापर हुतं. तर मंग त्यात म्या दिसलो आसंल की. तेवढं बघून सांगा.'

मला हसू आलं. असलं अज्ञान समोर आलं की शहाण्या माणसाला येतं तसलं, वरून खाली येणारं हसू. 'अहो, माणूस नाही दिसत त्यात. आणि आठ वाजता कुठला आलाय उपग्रह? तो आपल्यावरून जातो दुपारी दीड-पावणे...'

पुढचा शब्द तोंडातच राहिला.

पलीकडच्या टेबलावर मोघेबाईंचं टाइप करणं थांबलं होतं. त्या चष्म्यावरून माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी फाइल काढली, पत्राची स्थळप्रत उघडली आणि माझ्यापुढे ठेवली. वेळ: ८.१०. माझी सही, झोकदार.

मी ते चौथ्यांदा वाचलं. साऱ्या जगावर संशय घेतला मी. खांबेट्यांवर, पेढेवाल्यावर, या म्हाताऱ्यावर. माझ्या स्वतःच्या कागदावर मात्र नाही घेतला. आणि घेतलेल्या संशयातला तरी धड कुठे लावला? पेढेवाल्यामागे माणसं असतील म्हणून त्याच्याबद्दल मी कुठे चकार शब्द काढला नाही. बबनरावांच्या मागे कोणी नव्हतं, त्यांची काडेपेटी तेवढी फोनवरून सांगितली.

'काय झालं, साहेब?' बबनराव विचारत होते. 'पानी देऊ का?' माझ्याच टेबलावरचा तांब्या त्यांनी माझ्यापुढे सरकवला.

मी त्यांना सांगितलं. जमेल तेवढ्या सोप्या भाषेत, ग्रीनिच, साडेपाच तास, ती तीन अक्षरं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, 'म्हंजी आग दुपारची?'

'दुपारची. एक वाजून चाळीस मिनिटांनी दिसली ती.'

'त्येच तर म्या सांगत हुतो,' ते म्हणाले. ओरडले नाहीत, रागावले नाहीत. प्रमाणपत्रं गोळा करून पिशवीत भरायला लागले.

आमचे वरिष्ठ म्हणाले, शुद्धिपत्रक काढू, घाई काय आहे, सोमवारच्या टपालात जाईल. मी म्हटलं, टपालाच्या भरवशावर ते मी सोडणार नाही. मोघेबाईंनी तिथल्या तिथे पत्र टाइप केलं, 'वेळ' या शब्दापुढे कंसात 'भारतीय प्रमाणवेळ, दुपार' असं ठळक अक्षरात. स्कूटर काढून मी स्वतः ते अधिकारी बाईंच्या टेबलावर नेऊन ठेवलं. काडेपेटीबद्दल बोललो होतो तेही मागे घेतलं. त्या चांगल्या बाई होत्या. वाचून एवढंच म्हणाल्या, 'एका शब्दासाठी आम्ही त्या माणसाला तीन आठवडे रोज चौकशीला बोलावलं, जोगसाहेब.' मी खाली मान घालून पोच मागितली. सवयीने.

गुन्ह्याचं बारगळलं. कामावर परत या म्हणून बबनरावांना निरोप गेला. खांबेट्यांनी मला फोन करून विचारलं, 'पण मग लावली कोणी?' ते कधीच कळलं नाही. बारा ते एक चाळीस या वेळात टेकडीवर कोण होतं, हे ना उपग्रहाने पाहिलं, ना माणसाने. पेढेवाल्याचं नाव मी उशिरा का होईना, लेखी कळवलं. त्या नावाचा माणूस अभ्यागत-वहीतल्या पत्त्यावर कोणी नव्हता.

बबनराव कामावर गेले नाहीत, असं कळलं. म्हणून महिन्याभराने मी त्यांच्या घरी गेलो. जुन्या गावठाणातलं बैठं घर, तिन्ही बाजूंनी बारा-बारा मजली इमारती. ते ओट्यावर बसले होते. त्यांच्या मंडळींनी चहा आणला. मी माफी मागितली. आडून नाही, सरळ म्हटलं, 'चूक माझी होती, बबनराव. तुमचं नाव माझ्यामुळे खराब झालं.'

'चुकतंय की मानूस,' ते म्हणाले. 'कागद दुरुस्त केला न्हवं तुमी, लई झालं.'

'मग कामावर का जात नाही?'

त्यांनी बशीतला चहा संपवला, बशी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, 'साहेब, एक इचारू? तुमास्नी काय वाटतं? म्या लावली आसंल?'

मी म्हटलं, 'तसा कुठलाही पुरावा नाही.'

'पुराव्याचं न्हाय इचारलं म्या.'

त्यावर मी काय केलं? मी त्यांना उपग्रह समजावून सांगितला. तो फक्त पेटलेलं बघतो, कोणी पेटवलं ते बघत नाही, बारा ते पावणेदोनमधलं काही खात्रीने म्हणता येत नाही, वगैरे वगैरे. चांगली पाच मिनिटं बोललो. ते मान हलवत ऐकत होते. त्यांच्या मंडळींनी मात्र मध्येच उठून कप-बशा गोळा केल्या आणि त्या आत निघून गेल्या. बबनराव मला स्कूटरपर्यंत पोचवायला आले. 'जपून जावा, ट्रॅफिक हाय,' म्हणाले. टेकडीवर ते त्यानंतर पाऊल टाकायला गेले नाहीत. आता खडकीला लेकीकडे असतात, असं ऐकतो.

एक शब्द हवा होता त्यांना. 'नाही.' तो मला देता आला नाही, कारण मला खरोखरच माहीत नव्हतं. आजही नाही. चार वर्षं मी त्या दुपारचा हिशोब पुन्हा पुन्हा मांडतो आणि तो दर वेळी त्याच पावणेदोन तासांपाशी अडतो. काडेपेटी होती. माणूस एकटा होता. आणि याच माणसाच्या पायांना आग झोडपताना फोड आले होते, माझी बोबडी वळली तेव्हा यानेच मला पाणी दिलं होतं. हिने परवा विचारलं, 'अजून संशय आहे तुमचा?' मी म्हटलं, माझा सगळ्यांवरच असतो. ती म्हणाली, 'मग त्यांच्यावरचा तेवढा काढा. एकावरचा काढलात तर मरणार नाही तुम्ही.'

संपादकांनी या लेखासोबत छापायला उपग्रहाचं एखादं रंगीत चित्र मागितलं होतं. चित्र देत नाही. त्या जागी एवढं छापावं: बबन कोंढरे यांनी टेकडीला आग लावली नाही. याचा पुरावा माझ्याकडे नाही. हे मी म्हणतो आहे, आणि खाली नाव माझं आहे.